शिडाची नौका आणि सागराची विद्या

पावसहून पूर्णगडाकडे निघाले की वाटेत उजव्या हाताला समुद्र दिसू लागतो. माझ्या लहानपणी आजोबांबरोबर त्या बाजूला जाणे झाले म्हणजे त्यांच्या एका स्नेह्यांकडे थांबल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. ते जुने तांडेल. त्यांची उभी हयात शिडाच्या गलबतांवर गेलेली. मंगळुरी कौले, मीठ, लाकूड, आंबा, जो माल मिळेल तो घेऊन मुंबईपासून मलबारापर्यंत त्यांनी किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब त्यांनाच नव्हता. पडवीत बसल्या बसल्या ते समुद्राकडे बघत आणि म्हणत, "पाणी आज जड आहे रे बाबा." पाणी जड म्हणजे काय, ते मला कधी कळले नाही. पण दुसऱ्या दिवशी वारा फिरलेला असे, एवढे आठवते.

रात्री किनारा दिसेनासा झाला म्हणजे ते शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडीत. किती वाव पाणी आहे हे दोरीवरून कळायचे. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असायची, तिला तळाची माती चिकटून येई. ती माती बोटांत चुरून, वास घेऊन, प्रसंगी जिभेला लावून आपण कोणत्या बंदरासमोर आहोत ते तांडेल सांगत. मी कॉलेजात इतिहास शिकू लागलो तेव्हा हे सारे लिहून घ्यावे असे मनात आले. शंभर पानी वही विकत आणली. दिवाळीच्या सुट्टीत बसू म्हटले. तांडेल त्याच वर्षी श्रावणात गेले. वही कोरीच राहिली.

आज मी जी हकीगत सांगणार आहे तिच्या मुळाशी ही कोरी वही आहे. समुद्राचे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. ते पुष्कळ होते. पण ज्याच्यापाशी होते त्याने लिहिले नाही, आणि ज्याला लिहिता येत होते तो त्याच्यापाशी जाऊन बसला नाही. नावाडी आणि पंडित यांची गाठ पडली म्हणजे काय होते, आणि पडली नाही म्हणजे काय राहून जाते, हे सागरविद्येच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

ही गाठ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घालून दिली ती मॅथ्यू फाँटेन मॉरी या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याने. अपघातात पाय अधू झाल्यामुळे त्याला जहाजावर जाता येईना, म्हणून १८४२ साली त्याला नकाशे आणि उपकरणे यांच्या कचेरीत बसवले. तिथे जुन्या जहाजांच्या रोजनिश्यांचे ढीग पडलेले होते. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, वारा कुठून आणि किती होता, प्रवाह कसा होता, हे कप्तानांनी पानेच्या पाने लिहून ठेवले होते आणि कुणी ते उघडून पाहत नव्हते. मॉरीने ती पाने एकत्र मांडली आणि १८४७ साली वारे नि प्रवाहांचा पहिला नकाशा काढला. पुढे त्याने कप्तानांशी सरळ सौदाच केला: तुम्ही तुमची रोजनिशी मला पाठवा, मी माझे नकाशे तुम्हाला फुकट देतो. १८५३ साली ब्रुसेल्स येथे दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि समुद्रावरील नोंदी सर्वांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात असे ठरले. एका कप्तानाची वही ही त्याची स्वतःची आठवण असते. हजार कप्तानांच्या वह्या एकत्र आल्या की त्याचे शास्त्र होते.

असेच काम आपल्याकडे बंगालच्या उपसागरात झाले. कलकत्त्याच्या सागरी चौकशी न्यायालयाचे प्रमुख हेन्री पिडिंग्टन वादळांत सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या गोळा करीत. एकाच वादळाच्या निरनिराळ्या बाजूंना असलेल्या जहाजांनी वाऱ्याची दिशा काय नोंदवली आहे, हे ताडून पाहता वारा एका केंद्राभोवती वेटोळे घालतो असे त्यांना दिसले. सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक भाषेचा आधार घेऊन, त्यांनी १८४८ साली या वादळांना 'सायक्लोन' हे नाव दिले. आज सारे जग हा शब्द वापरते. तो जन्मला शिडाच्या जहाजांच्या वह्यांतून, आणि तोही हिंदुस्थानात.

यानंतरचे मोठे पाऊल म्हणजे 'चॅलेंजर' या जहाजाची सफर. हे ब्रिटिश आरमाराचे लढाऊ जहाज. त्यावर वाफेचे यंत्र होते, पण लांबच्या वाटा ते बहुतेक शिडांवरच कापीत असे. यंत्र मुख्यतः लागे ते खोली मोजताना आणि तळाची जाळी ओढताना जहाज एका जागी धरून ठेवायला. लंडनच्या रॉयल सोसायटीने योजना मांडली आणि आरमाराने जहाज दिले. दोन तोफा ठेवून बाकीच्या उतरवल्या, आणि त्या जागी प्रयोगशाळा, बरण्या, स्पिरिटची पिंपे आणि मैलोगणती दोर आला. डिसेंबर १८७२ मध्ये ते निघाले आणि मे १८७६ मध्ये परतले. ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास झाला. ३६२ ठिकाणी थांबून खोली, तापमान, पाणी, माती आणि जीव यांची पाहणी झाली. पश्चिम पॅसिफिकमध्ये एके ठिकाणी दोर ४,४७५ फॅदम खाली गेला. आपल्या तांडेलाच्या भाषेत साडेचार हजार वाव म्हणा ना! पूर्णगडच्या खाडीबाहेर पाचदहा वावांत काम भागते. त्यावरून कल्पना करा.

पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. गोळा केलेले जीव इंग्लंडातल्याच लोकांनी तपासावेत अशी कुरकूर काहींनी केली. सफरीचे प्रमुख वायविल थॉम्सन यांनी ती मानली नाही. ज्या विषयात जो माणूस सर्वांत जाणता, मग तो कोणत्याही देशाचा असो, त्याच्याकडे त्यांनी नमुने पाठवले. काही जर्मनीला गेले, काही अमेरिकेला. म्हणून तर पन्नास खंडांचा अहवाल तयार झाला. तो पुरा व्हायला १८९५ साल उजाडले, तोवर थॉम्सन वारलेही होते. सफर साडेतीन वर्षांची, अभ्यास एकोणीस वर्षांचा. नमुना बरणीत भरला म्हणजे काम झाले असे नव्हे, तिथून ते सुरू होते.

आपल्या समुद्राकडे वळू. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, १९३३-३४ साली, 'मबाहिस' नावाच्या इजिप्तच्या जहाजावर इंग्रज आणि इजिप्शियन शास्त्रज्ञांनी मिळून अरबी समुद्र पिंजून काढला. कर्नल सेवेल हे प्रमुख. त्यांची बहुतेक नोकरी हिंदुस्थानातच झालेली. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू अतिशय कमी असलेला प्रचंड थर आहे, ही गोष्ट त्या सफरीने ठळकपणे पुढे आणली. कोकणच्या मच्छीमारांच्या दृष्टीने ही कागदावरची गोष्ट नाही. पावसाळ्याच्या दिवसांत कमी प्राणवायूचे पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत वर सरकते, तेव्हा मासा जागा सोडून जातो.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आली. तिचे मुख्य काम १९६२ ते १९६५ या वर्षांत झाले. डझनाहून अधिक देश आणि चाळीसहून अधिक जहाजे त्यात होती. आपल्याजवळ त्या वेळी खोल समुद्रातील संशोधनासाठी बांधलेले मोठे जहाज नव्हते. तेव्हा नौदलाने आपली 'किस्तना' ही युद्धनौका दिली आणि तिच्यावर शास्त्रज्ञ गेले. चॅलेंजरचीच तऱ्हा पुन्हा! हवामानाच्या नोंदी एकत्र करण्याचे आंतरराष्ट्रीय केंद्र मुंबईत कुलाब्याला उघडले होते. या मोहिमेची सगळ्यांत टिकाऊ मिळकत कोणती म्हणाल, तर १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. गोव्यात दोनापावलाला टेकडीवर तिचे मुख्य ठाणे आहे. डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. पुढे 'गवेषणी' आली, 'सागरकन्या' आली. संशोधनाची जहाजे लोखंडाची झाली, इंजिनांवर चालू लागली. शिडाचा आणि शास्त्राचा संबंध संपला, असेच कोणालाही वाटले असते.

तो पुन्हा जुळला कसा, ही कहाणी आपल्या घरची आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले अधिकारी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या उंबरठ्यावर बसून त्यांनी एक ध्यास घेतला होता: भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाने ती कल्पना उचलली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नौका बांधायचे काम गोव्यातील दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांनी घेतले. त्यांनी त्यापूर्वी अशी मोठी शिडाची नौका बांधली नव्हती. आराखडा डच, हात गोव्याचे. छप्पन्न फूट लांबीच्या या नौकेला नदीचे नाव दिले: 'म्हादेई'. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून मे २०१० मध्ये दोंदे परत आले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून, कोठेही न थांबता, एकट्याने फेरी पुरी केली.

म्हादेईची धाकटी बहीण म्हणजे 'तारिणी'. तीही दिवाडीचीच, त्याच आराखड्याची. २०१७ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. या सफरीला 'नाविका सागर परिक्रमा' असे नाव होते. वर्तमानपत्रांत त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच झाले. पण त्या मोहिमेच्या उद्देशांत एक कलम होते त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. रोजच्या रोज हवा, लाटा आणि समुद्र यांची नोंद ठेवून ती भारतीय हवामान खात्याला उपयोगी पडावी, आणि भर समुद्रातील प्रदूषणाचीही खबर द्यावी, असे ते कलम होते. म्हणजे मॉरीचा सौदा पुन्हा अमलात आला.

दुसरी परिक्रमा याहून पुढे गेली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी तारिणी पुन्हा गोव्याहून निघाली. या वेळी नौकेवर दोघीच होत्या: केरळच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट कमांडर रूपा ए. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन, असे चार मुक्काम करून, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून, २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परत आल्या. या सफरीत नौदलाचे दोन शास्त्रीय भागीदार होते. एक दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था. तिच्यासाठी पाण्याचे नमुने घ्यायचे होते, प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आणि पाण्यातील लोह तपासण्याकरिता. दुसरी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. तिच्यासाठी देवमाशांसारख्या मोठ्या सागरी प्राण्यांच्या नोंदी ठेवायच्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, संशोधनाची एवढी मोठी जहाजे असताना छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेकडून शास्त्राला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. तारिणीवर खोल पाण्यात उतरवायची यंत्रे नाहीत, प्रयोगशाळा नाही, आणि दोन माणसांना शिडे, सुकाणू, स्वयंपाक, दुरुस्ती आणि झोप यांतून वेळ काढायचा. तळाची माती ती आणू शकत नाही. ती आणू शकते ते पृष्ठभागाचे पाणी आणि डोळ्यांनी पाहिलेले. पण कुठले पाणी, हे पाहा. दक्षिण महासागराच्या ज्या पट्ट्यातून ती जाते तिथे व्यापारी जहाजांची वर्दळ अगदी कमी, आणि संशोधनाचे जहाज तिथे पाठवायचे म्हणजे खर्च प्रचंड. ३० जानेवारी २०२५ च्या मध्यरात्रीनंतर तारिणी 'पॉइंट निमो' या ठिकाणाजवळून गेली. पॅसिफिकमधली ही जागा कोणत्याही जमिनीपासून सगळ्यांत दूर आहे. सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर! अंतराळस्थानक डोक्यावरून जाते तेव्हा त्यातली माणसे तारिणीला जमिनीवरच्या कोणत्याही माणसापेक्षा जवळ असतात. तिथले पाणी त्या दोघींनी बाटल्यांत भरून घेतले, ते दोनापावलाला तपासायला.

लोह कशाला तपासायचे? समुद्रातली सूक्ष्म वनस्पती हा सगळ्या सागरी जीवनाचा पाया. तिला खत लागते, आपल्या भाताला लागते तसेच. दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद भरपूर आहे, तरी वनस्पती त्या मानाने वाढत नाही. कारण लोहाचा दुष्काळ. हे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवले. तिथल्या एका लिटर पाण्यात पुष्कळ ठिकाणी अवघे काही नॅनोग्रॅम लोह असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पोहण्याच्या मोठ्या स्पर्धेचा पंचवीस लाख लिटरचा हौद त्या पाण्याने भरला, तरी त्यातले सगळे लोह मिळून एक टाचणी होणार नाही. असे लोह लोखंडी जहाजावरून मोजणे किती कठीण, ते लक्षात घ्या. जहाजाचा गंज, दोरखंडाची तार, यंत्राचा धूर, सगळ्यांतून लोह गळते. मार्टिन यांच्या आधीच्या कितीतरी मोजण्या त्यामुळेच चुकल्या होत्या. लाकूड आणि फायबरग्लासची, वाऱ्यावर चालणारी नौका या कामी आपोआपच थोडी स्वच्छ ठरते. थोडीच, कारण तिच्यावरही पोलाद असतेच. बाटली, हात आणि जागा यांची काळजी घ्यावीच लागते.

आपल्या समुद्रविज्ञान संस्थेला हा विषय नवा नाही. २००९ च्या आरंभी तिने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळून पाहिले. प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. आपला लोहा शब्द त्यात आहे. लोह टाकून वनस्पती वाढवावी आणि हवेतला कार्बन समुद्रतळी बुडवावा, अशी कित्येकांची आशा होती. वनस्पती वाढली खरी, पण लहान कवचधारी जीवांनी ती खाऊन टाकली आणि तळाशी कार्बन फारसा गेलाच नाही. निसर्गाने आमचा हिशेब मानला नाही. पण हे कळणे हीसुद्धा विद्याच.

आणि गंमत पाहा: नौकेवरून देवमासे मोजणे हे लोहापेक्षा वेगळे काम वाटते, पण तसे नाही. देवमासे कोळंबीसारखे लहान जीव खातात आणि त्यांच्या विष्ठेतून लोह पुन्हा वरच्या पाण्यात येते. गेल्या शतकात माणसाने लाखो देवमासे मारले. तेव्हा फक्त मांस आणि तेल गेले नाही, समुद्राचे खतही गेले. डेहराडूनची वही आणि दोनापावलाची बाटली यांत एकाच हिशेबाच्या दोन बाजू लिहिल्या जातात.

राहिले प्लॅस्टिक. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. २०१७-१८ च्या जगप्रदक्षिणेच्या एका शिडांच्या शर्यतीत दोन नौकांवर पाणी गाळण्याची उपकरणे बसवली होती. पॉइंट निमोजवळ त्यांना एका घनमीटर पाण्यात नऊ ते सव्वीस कण सापडले. जिथे माणूसच नाही तिथे माणसाचा कचरा आधी पोहोचला! तपासणाऱ्यालाही येथे सावध राहावे लागते. नौकेची शिडे, दोर, अंगावरचे कपडे, सगळे कृत्रिम धाग्यांचे. त्यातला एखादा धागा बाटलीत पडला तर दोष समुद्रावर जायचा. म्हणून शास्त्रज्ञ रिकामी बाटलीही उघडून ठेवतात आणि तिच्यात काय पडले ते आधी वजा करतात. आपला दोष आधी मोजायचा आणि मग जगाचा, ही शिस्त फक्त प्रयोगशाळेतच असावी असे नाही.

श्रोतेहो, हे सारे पावसच्या माणसाने का ऐकावे? कारण ही भागीदारी आपल्या दाराशी आलेली आहे. पूर्णगडची खाडी ओलांडली की गावखडीची पुळण लागते. थंडीच्या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि गावातली माणसे त्या अंड्यांची राखण करतात. २०२२ साली याच वन्यजीव संस्थेने वन खात्याच्या कांदळवन विभागाबरोबर वेळासला एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचे यंत्र बसवले. तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. त्याहूनही मला नवल वाटते ते एका साध्या खुणेचे. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या परावर क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. तीच कासवीण २०२५ साली आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पूर्वेची आणि पश्चिमेची ती पश्चिमेची, या समजुतीला तिने धक्का दिला. हे कळले कशामुळे? ओडिशात कुणीतरी क्रमांक लिहून ठेवला होता, आणि गुहागरला कुणीतरी तो वाचला. दोघांची ओळखही नसेल.

आमच्या मच्छीमार बांधवांना रोज समुद्रावर जावे लागते. बांगडा कुठल्या साली उशिरा आला, जाळ्यात जेलीफिश कधी भरले, पाण्याला वास कधी आला, जाळ्यात माशांबरोबर पिशव्या किती आल्या, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दोनापावलाच्या शास्त्रज्ञाला हे पाहायचे तर जहाज लागते. आमच्या माणसाला ते पोटासाठी रोज दिसते. परंतु ते बोलण्यात येते आणि वाऱ्यावर जाते. माल उतरला, लिलाव झाला, की दिवस संपला. पुढे मासा कमी झाला, भरपाईचा किंवा बंदीचा प्रश्न आला, म्हणजे कचेरीत कागद मागतात आणि आमच्याजवळ कागद नसतो. तेव्हा दुसऱ्याने लिहिलेले खरे धरले जाते. न लिहिण्याची किंमत अशी मोजावी लागते.

कच्छच्या मालमांनी पोथ्या लिहिल्या. त्यांत ताऱ्यांच्या उंचीची कोष्टके आणि किनाऱ्यांची चित्रे आहेत, ती अभ्यासक आजही उलगडून पाहतात. आमच्या तांडेलांचे ज्ञान काही कमी प्रतीचे नव्हते. माझी वही कोरी राहिली, एवढाच फरक.

गेल्या वर्षी मी ती वही शोधून काढली. कागद पिवळा पडला होता, पण लिहिण्याजोगा होता. आमच्या कॉलेजात कोळीवाड्यातून येणारा एक विद्यार्थी आहे. पहाटे वडिलांबरोबर होडीवर जातो आणि मग तासाला येतो. कधी कधी पहिल्या बाकावर बसूनच डुलक्या घेतो. त्याला मी ती दिली आणि म्हटले, तारीख, वारा, किती वावांत जाळे टाकले, काय मिळाले आणि नको ते काय आले, एवढ्या पाच गोष्टी रोज लिहायच्या. निबंध नको. तो म्हणाला, "सर, याचे मार्क आहेत का?" मी म्हटले, "नाहीत." तरी त्याने वही घेतली.

परवा त्याने ती दाखवायला आणली. पाने ओली होऊन सुकल्यामुळे फुगली होती, खवले चिकटले होते. चौदा दिवसांच्या नोंदी होत्या, मध्ये तीन दिवस कोरे. एका ठिकाणी त्याने लिहिले होते, "बाबा म्हणाले पाणी जड आहे." मी विचारले, जड म्हणजे काय रे? तर म्हणाला, "ते मलाही नीट सांगता येत नाही, सर. पण त्या दिवसाची तारीख लिहिली आहे."

तारीख आहे ना, मग पुढचे पाहता येईल. त्या दिवशीचा वारा, लाट आणि पाण्याचे तापमान हवामान खात्याच्या नोंदीत सापडेल. ते या ओळीशेजारी मांडायचे, आणि असे दहावीस दिवस जमले म्हणजे दोनापावलाच्या माणसांना जाऊन विचारायचे. माझ्या तांडेलांना जे मला विचारता आले नाही, ते या मुलाच्या वहीतून कदाचित कळेल.